कानाने चालवायची गाडी

मोटार चालवायला मी शिकलो तो निवृत्तीच्या उंबरठ्यावर, आणि लिहायला बसलो आहे तो त्याहूनही उशिरा. वर्ध्याच्या एका महाविद्यालयात मी आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवले. फळ्याकडे तोंड करून बोलता येते, म्हणून तो व्यवसाय मला मानवला असावा. निवृत्तीनंतर सर्वांच्या सल्ल्याविरुद्ध मी एक जुनी इंग्रजी स्पोर्ट्स कार घेतली: उघड्या टपाची, दोनच आसनांची, वयाने जवळजवळ माझ्याएवढी. पिपरी मेघेतल्या आमच्या अंगणात तिच्यासाठी पत्र्याचे छप्पर घालू लागलो, तेव्हा शेजाऱ्यांनी कुंपणावरून विचारले, "म्हैस घेता का, सर?"

दोन आसनांपैकी दुसरे पत्नीचे, असे मी गृहीत धरले होते. ती पहिल्या आठवड्यात एकदा बसली, सेवाग्रामपर्यंत आली, आणि परतल्यावर दाराला धरून उठत म्हणाली, "इतकं खाली बसणं माझ्या गुडघ्याले नाई झेपत." त्यानंतर त्या आसनावर माझी हत्यारांची पेटी बसू लागली. गुडघ्यापुढे युक्तिवाद चालत नाही, आणि आग्रह करणे मला कधीच जमले नाही. तरी दर रविवारी फाटक उघडताना मी थोडा वेळ घुटमळत असे. तिने पुन्हा एकदा शेजारी बसावे, एवढीच त्या गाडीबाबत माझी इच्छा उरली होती.

यंदाच्या दसऱ्याला माझा भाचा सोने द्यायला आला. थोरल्या बहिणीचा हा मुलगा आमच्याच जिल्ह्यातल्या तळेगावात वाढला, पुढे पुण्यात त्याने स्वतःचा उद्योग उभा केला. समृद्धी महामार्गाने तो आपली नवी सुपरकार घेऊन आला होता. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक उंच गतिरोधक आहे. माझी गाडी मी त्यावरून तिरकी, श्वास रोखून नेतो, आणि तरीही पोट घासल्याचा आवाज होतोच. भाच्याने आत एक बटण दाबले. गाडीने नाक वर उचलले, चिखलात धोतराचा सोगा उचलावा तसे, ती अलगद पलीकडे गेली आणि पुन्हा खाली झाली. पोरे टाळ्या वाजवत होती. मी वाजवल्या नाहीत.

त्याने मला सगळे दाखवले. दाखवताना त्याच्या बोलण्यात बढाई नव्हती, आणि तेच मला अधिक लागले. इंजिन आसनांच्या मागे, गाडीच्या मध्याशी बसवलेले, म्हणजे वजन जिथे असावे असे मी वर्षानुवर्षे फळ्यावर काढून दाखवले तिथेच. बैठकीचे सगळे कवच कार्बनच्या धाग्यांचे, दोघांनी सहज उचलावे असे. मागचा पंख वळणावर आपोआप कलतो. गिअरला दोन क्लच आहेत. एकावर गाडी चालू असते तेव्हा दुसऱ्यावर पुढचा गिअर आधीच लावून ठेवलेला असतो. माझ्या गाडीत गिअर उतरवताना क्लच दोनदा दाबून मध्ये नेमका तेवढाच ॲक्सिलरेटर द्यावा लागतो. ही कला मला साधायला दोन उन्हाळे गेले होते, आणि ती साधल्याचा अभिमान मी कोणापाशी बोलून दाखवला नव्हता.

"आणि इंजिन ठोकायला लागलं तर?" मी विचारले. चढावर भार पडला की जुने इंजिन आतून टकटक करते. ते ऐकू येताच चालकाने गिअर उतरवायचा असतो. माझे सारे चालवणे या ऐकण्यावर उभे आहे.

"त्याले कान लावले आहेत ना, मामा," तो म्हणाला. "इंजिनालेच सेन्सर असते. आपल्याले ऐकू यायच्या आधी संगणक ऐकते अन् ठिणगी मागं-पुढं करून घेते."

मी मान डोलावली. इतका मत्सर मला सहकाऱ्यांच्या बढत्यांचाही वाटला नव्हता.

तोवर पत्नी पूजेचे ताट घेऊन बाहेर आली. आमच्याकडे दसऱ्याला वाहनाची पूजा झाली की हार पुढच्या बाजूला आडवा बांधतात, आणि पहिली फेरी होईपर्यंत तो उतरवत नाहीत. माझ्या गाडीला झेंडूचा हार आधीच घातलेला होता. दुसरा तिने भाच्याच्या गाडीच्या करड्या नाकावर, खाली दिसली ती खाच पाहून, नीट गाठ मारून बांधला. चाकाखाली लिंबू ठेवले. भाच्याने गाडी सुरू केली, तसा गाडीतला पडदा लाल झाला आणि आतून सूचनेचा आवाज येऊ लागला.

"मामी, गाडीले समोरचं दिसून नाई राह्यलं," तो काच खाली करून म्हणाला. "तुमचा हार तिच्या रडारवर आला."

"काऊन? एवढे दिवे दिले ना तिले."

"दिव्यानं नाई पाहत ते. हार काढा लागते."

"फेरीच्या आधी हार उतरवत नसतात, बाबू. जमिनीवर तर ठेवतच नसतात."

"मग हातात धरून बसा. हारासंगं तुमचीबी फेरी."

मी गुडघ्याची आठवण करून देणार होतो. पण तिने गाठ सोडली, हार दोन्ही हातांवर घेतला आणि माझ्या गाडीहूनही खाली असलेल्या त्या आसनात, दार छपराकडे उघडलेले असताना, एका हालचालीत बसली. गुडघ्याने हूं की चूं केले नाही.

ती दोघे गेली. मी अंगणात माझ्या गाडीपाशी उभा राहून चिंधीने आधीच स्वच्छ असलेला आरसा पुसत होतो. परतली तेव्हा पत्नी हसत होती, आणि गाडी थांबल्यावरही लगेच उतरली नाही. काहीतरी सांगणे अर्धे राहिले होते, ते तिने आत बसूनच पुरे केले.

जेवताना भाचा मला म्हणाला, "मामा, मामी लग्नाआधी ट्रॅक्टर चालवत होत्या, मले माहीतच नाई. ऊस भरलेली ट्रॉली मागं घेत होत्या म्हणते."

मलाही माहीत नव्हते. आमच्या संसाराला तीस वर्षे उलटून गेली आहेत. मी पुरणपोळीवर तूप वाढून घेतले, नको असताना.

तो गेल्यावर मी तिला विचारले. प्रश्न मनात बराच वेळ फिरवला होता, तरी बाहेर पडला तो वाकडाच. "गुडघा आता बरा दिसतो."

ती आपट्याची पाने ताटात गोळा करत होती. "गुडघा दुखतेच," ती म्हणाली. "पण तुमच्या गाडीत न बसण्याचं कारण गुडघा नव्हतं."

"मग?"

"सेवाग्रामले गेलो तेव्हा मी तीनदा बोलायला गेले. तिन्ही वेळा तुम्ही बोट वर केलं. असं." तिने तर्जनी उभी केली; वर्गात गलका झाला की मी करत असे तशीच. "इंजिन ऐकून राह्यले होते तुम्ही. त्याच्या गाडीत इंजिनाचं ऐकायले मशीन आहे, तर तो माझं ऐकत होता."

हे ती रागाने म्हणाली नाही. मी विचार करत राहिलो की शिंगाड्याएवढा एक सेन्सर माझ्या संसारात असा कुठे बसवता आला असता. आणि ज्या अभियंत्याने तो शोधला त्याची पत्नी प्रवासात त्याच्याशी काय बोलत असेल.

पुढच्या रविवारी मी हत्यारांची पेटी घरात नेऊन ठेवली आणि तिला म्हणालो, गिरडच्या टेकडीवर दर्ग्याला जाऊन येऊ. मला वाटले होते त्याहून हा प्रस्ताव मांडणे कठीण गेले. शब्द मी आधी पाठ केले होते. ती आत गेली. मग डोक्याला रुमाल बांधून आली.

समुद्रपूर ओलांडले. वारा होता, इंजिन चांगले चालत होते, आणि माझे कान नेहमीप्रमाणे त्याच्याकडे लागले होते. टेकडीचा चढ लागला तेव्हा मी दोन्ही हात चाकावर घट्ट धरून विचारले, "त्या ट्रॅक्टरचा क्लच जड होता का?"

"जड म्हणजे?" ती जवळजवळ ओरडूनच बोलत होती, आमच्या गाडीत तसेच बोलावे लागते. "उभं राहून दाबा लागे. बाबा म्हणत, तू पेडलवर नाचून राह्यली का? एकदा तर वावराच्या धुऱ्यावर..."

नेमके तेव्हाच इंजिन ठोकू लागले. आतून टकटक, मग आणखी मोठी टकटक. उजव्या हाताचे बोट चाकावरून सुटू पाहत होते. मी ते सुटू दिले नाही. "धुऱ्यावर काय झालं?" मी विचारले.

ती सांगत राहिली. शेताच्या बांधावर ट्रॉली कशी उलटता उलटता राहिली, गडी कसा उडी मारून पळाला, आणि घरी कोणालाच कसे कळले नाही. त्या गोष्टीतला अर्धा भाग मला कळला, अर्धा इंजिनाने खाल्ला. गिअर मी उतरवला तो फार उशिरा, आणि दोनदा क्लच दाबण्याचे माझे सारे शिक्षण विसरून. गिअरचे दात एकमेकांवर घासल्याचा आवाज झाला.

"पहिल्या वळणालेच उतरवा लागत होता," ती म्हणाली.

"हो," मी म्हणालो.

वर दर्ग्यापाशी गाडी लावली तेव्हा रेडिएटर वाफाळत होता. भाच्याची गाडी हा चढ घाम न गाळता चढली असती, आणि आत बसून ती दोघे सावकाश, हळू आवाजात बोलत गेली असती, याचे दुःख मला तेव्हाही झाले. पत्नी दाराला धरून उठली, गुडघा चोळला. "धुऱ्यावर काय झालं ते टेकडी उतरताना पुन्हा सांगते," ती म्हणाली, "आता आधी पाणी पाहा तिचं."