सव्वीस फूट चार इंच

सुरुवातीलाच सांगून टाकतो. सव्वीस फूट चार इंचांचे तीस फूट मी केले. काकांनी नाही. हे मी उशिरा बोललो, आणि त्या उशिराचंच ओझं जास्त आहे.

काकांचं नाव इथे लिहीत नाही. एकदा ते माझ्या हातून खराब झालंय, पुन्हा त्याला हात लावायची हिंमत होत नाही. काचीगुड्याला स्टेशनच्या मागच्या गल्लीत माझं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. राहत्या घरांचे नकाशे तयार करायचे आणि बांधकाम परवानगीसाठी दाखल करायचे, हा आमचा धंदा. सही माझी, शिक्का माझा. नकाशा मात्र काकांचा. मी ऑफिस उघडलं त्या वर्षापासून ते माझ्याकडे होते, वयाने माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठे. घराणं जुन्या हैदराबादचं, वडील आणि आजोबा सरकारी नोकरीतले. मराठी घरातली, पण तिच्यात दखनी इतकी मुरलेली की पुण्याचा पाहुणा ऐकून हसायचा. मला ते ‘इंजिनीयरसाब’ म्हणत.

प्लॉटवर गेल्यावर काका आधी टेप काढत नसत. कमरेवर हात ठेवून नुसते उभे राहत. पाच-सात मिनिटं गेली की मालकाला विचारत, “शेजारची खिडकी कुठंय?”

परवानगीच्या नकाशात शेजाऱ्याची खिडकी दाखवावी लागत नाही. काका तरी ती पेन्सिलीने तुटक रेषेत काढत. नल्लकुंट्याला एकदा ते असे भिंतीकडे बघत उभे होते, तर वरच्या गॅलरीतून एक म्हातारी तेलुगूत ओरडली, “मा किटिकी एंदुकु कोलुस्तुन्नारु?” आमची खिडकी कशाला मोजताय, असं तिचं म्हणणं. काका मान वर करून अदबीने म्हणाले, “मी इल्लु कादम्मा, मी गाली.” तुमचं घर नाही मोजत, तुमचा वारा मोजतोय. म्हातारी आधी गोंधळली, मग हसली आणि वरून स्वतःच सांगू लागली की दुपारी वारा कुठून येतो. आमच्या त्या घराचा जिना काकांनी तिचा वारा अडू नये म्हणून दुसऱ्या बाजूला नेला.

दुसरी खोड टेपची. टेपचं शून्याचं टोक ते घरमालकाच्याच हातात देत. “शून्य धरा. तुमचंच घर आहे.” मालक कोणी का असेना. अफझलगंजचा एक मोठा व्यापारी पांढऱ्याशुभ्र कपड्यांत प्लॉटच्या कोपऱ्यात चिखलात उकिडवा बसलेला मी पाहिलाय. बिचारा जरा हलला की पलीकडून काका ओरडत, “शेठ, शून्य सोडू नक्को!” आकडा मोठ्याने वाचायचे, मालकाकडून तो परत म्हणून घ्यायचे, मगच वहीत लिहायचे. मला त्याची लाज वाटायची. एवढ्या मोठ्या माणसाला पाढे म्हणायला लावल्यासारखं ते दिसायचं.

नकाशा झाला की त्यावर दोन बोटं चालवायचे. बोटं फाटकातून आत यायची, व्हरांडा चढायची, वळायची. “सिलिंडर घेऊन आलो. इथं नाही वळत, दार सरकवा.” मग बोटं जिन्यावर. “अन् कोणी आजारी पडलं तर? खुर्चीत बसवून चौघं उतरवणार कुठून?” मी चिडून म्हणायचो, “काका, आपल्याला परवानगी काढायची आहे, संसार नाही करायचा.” ते बोटं न उचलता म्हणायचे, “हौ, पण त्यांना करायचा आहे ना.”

असा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. काम हळू करतो म्हणून आपण वैतागतो, आणि त्याने केलेलं काम पुन्हा तपासावं लागत नाही हे सोयीने विसरतो.

तर नल्लकुंट्याचाच आणखी एक प्लॉट. मालकीण निवृत्त शिक्षिका. त्यांच्या यजमानांचं अर्धं अंग लुळं पडलेलं, चाकाच्या खुर्चीत असायचे. बाईंना एवढंच हवं होतं की खाली रस्त्याच्या बाजूला त्यांची खोली असावी, दार रुंद असावं, आणि खुर्ची खिडकीपाशी फिरवता यावी. काकांनी बाईंच्या हातात शून्य देऊन सगळं मोजलं. पुढच्या रस्त्याच्या वेळी मात्र पलीकडे गाई बसलेल्या. बाई घाबरल्या, म्हणून काकांनी टोक भिंतीच्या खिळ्यात अडकवून ते माप एकट्याने घेतलं. सव्वीस फूट चार इंच.

खरेदीखतात रस्ता तीस फूट लिहिलेला होता, आणि खोल्या मी त्याच हिशोबाने आधीच आखायला सांगितल्या होत्या. रस्ता अरुंद असला की जेवढी रुंदी कमी पडते तिच्या निम्मी जागा प्लॉटमधून रस्त्यासाठी सोडावी लागते. म्हणजे पुढची खोली जवळजवळ दोन फुटांनी आत येणार, आणि सगळा नकाशा पुन्हा काढायचा. बाईंना घाई होती, मला त्यांच्याहून जास्त. संगणकावर नकाशा चढवताना मी काकांच्या कागदावरचाच आकडा पुसला आणि तीस लिहिला. कागदावर तीसच आहे, कोण बघतंय, असं स्वतःला समजावलं. काकांना सांगितलं नाही.

परवानगी पटकन मिळाली. पुढच्या रांगेच्या कॉलमचे खड्डे खणून झाले, लोखंड बांधून झालं, तेव्हा तपासणीचा माणूस आला, त्याने रस्ता मोजला आणि काम थांबवलं.

बाई ऑफिसात आल्या. रागावल्या नव्हत्या. थकलेल्या होत्या. “माझ्या मुलींना मी गणितात हातचा विसरला तर उभं करायचे,” त्या म्हणाल्या. “इथे कोणाला उभं करू?”

काका पलीकडच्या टेबलावर पेन्सिल तासत होते. मी म्हणालो, “माप काकांनी घेतलं होतं. वय झालंय त्यांचं. हल्ली टेपवरचे आकडे नीट दिसत नाहीत त्यांना.”

इतकं सहज निघालं तोंडातून. आजही ते वाक्य मला माझ्याच आवाजात ऐकू येतं.

काका उठले. माझ्याकडे एकदा बघितलं, चष्मा काढून सदऱ्याला पुसला, आणि बाईंसमोर हात जोडले. “माफ करा बाई. गलती झाली.”

मला वाटलं, सगळं समजूनही ते मला सांभाळून घेतायत. म्हणून मी आणखीच गप्प बसलो. पुढचे आठ दिवस काका तो नकाशा पुन्हा काढत होते. जिना फिरवला, मोरी मागे नेली, आणि दोन फूट गमावूनही बाईंच्या यजमानांची खोली होती तेवढीच ठेवली. नवव्या दिवशी म्हणाले, “डोळे दाखवून येतो, इंजिनीयरसाब.” ते परत आले नाहीत.

मी बोलावलं नाही. खरं सांगायचं तर हायसं वाटलं.

दोन-तीन महिन्यांनी ओळखीच्या एका इंजिनीयरने सहज विचारलं, “तुमच्या काकांची नजर गेली म्हणे? माझ्याकडे काम मागायला आले होते. नाही म्हणालो. मापाच्या कामात रिस्क कोण घेणार?” आणखी दोघांनी असंच परत पाठवल्याचं त्याच्याचकडून कळलं. बाईंनी कुठेतरी बोलून दाखवलं असेल, पण ते बोलणं माझंच होतं. आयुष्यभर माप चुकलं नाही, हीच त्या माणसाची कमाई होती. मी ती एका वाक्यात घालवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या घरी गेलो. दार काकूंनी उघडलं. मी काही बोलायच्या आधीच त्या म्हणाल्या, “तुम्हीच सांगा यांना. दोन डॉक्टर झाले. दोघंही म्हणतात, नंबर तोच आहे, डोळे छान आहेत. यांचा विश्वासच बसत नाही.”

काका आत पलंगावर बसले होते. मला बघून उठायला लागले. मी म्हणालो, “काका, बसा. तो आकडा मी बदलला होता. तुम्ही सव्वीस-चारच लिहिलं होतं.”

त्यांनी उशीखालून वही काढली. त्या पानावर सव्वीस फूट चार इंच, आणि खाली वेगळ्या शाईत तोच आकडा पुन्हा तीनदा लिहिलेला. “मी परत गेलो होतो त्या गल्लीत,” ते म्हणाले. “तीन दफा मोजलं. तेच येत होतं. मग वाटलं, वहीत बरोबर लिहून नकाशावर मीच चुकीचं उतरवलं असेल. आता डोक्याचंच काही झालं असेल.” वही मिटून म्हणाले, “तुम्ही आकडा बदलाल, हे मनातच नाही आलं, इंजिनीयरसाब.”

मला सांभाळून घेत नव्हते ते. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता आणि स्वतःवर संशय घेतला होता. मी त्यांच्या पायाला हात लावायला वाकलो, तर त्यांनी पाय मागे घेतले.

“मला कायकू? ज्यांच्यासमोर बोलले, त्यांच्यासमोर बोला.”

त्या तिन्ही इंजिनीयरांकडे मी आधी जाऊन आलो. मग एका रविवारी काकांना घेऊन नल्लकुंट्याला गेलो. घर उभं राहिलं होतं, बाहेरचं प्लास्टर तेवढं व्हायचं होतं. बाई फाटकापाशी आल्या. मी तोंड उघडलं, तर काकांनी हाताने थांबवलं. खिशातून टेप काढला आणि शून्याचं टोक माझ्या हातात दिलं.

“पहिले मोजू. शून्य धरा.”

मी रस्त्याच्या कडेला उकिडवा बसलो, टोक भिंतीच्या बुडाशी दाबून. काका टेप सोडत पलीकडे गेले. रस्त्याकडच्या खोलीत, रुंद खिडकीपाशी, बाईंचे यजमान खुर्चीत बसून आमच्याकडे बघत होते. एक रिक्षा थांबली, दोन स्कूटर थांबल्या.

“सव्वीस फूट चार इंच,” काका पलीकडून खणखणीत ओरडले. “म्हणा.”

“सव्वीस फूट चार इंच,” मी म्हणालो. शून्य न सोडता, मान वर करून बाईंना म्हणालो, “बाई, काकांनी हेच लिहिलं होतं. तीस मी केले, आणि दोष यांच्यावर टाकला. यांचे डोळे माझ्याहून चांगले आहेत.” मग पलीकडे बघून, रिक्षावाल्यालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणालो, “काका, चूक माझी होती. मला माफ करा.”