पोत्यामागची मांजर

आजीकडं जरा कान कर, सुमे. महिना झाला माझा फोन टाळतीस, शोभतं का? आज तेलात हळद कढवली आन् त्या वासानं ती मांजर आठवली. वडगावच्या आमच्या उसाच्या फडात कोयत्यानं तिचा पाय कापलेला. घरी आणून हळद लावली, तर पेंडीच्या पोत्यामागं दडली. दोन दिवस दुधाला तोंड लावंना. मरती का काय, म्हणून मी घडीघडीला वाकून बघायची.

सासूबाई म्हणाल्या, "अगं, जखमेपरीस तुलाच भ्यालीय ती! तिच्याकडं पाठ कर आन् ज्वारी निवड."

जीव थाऱ्यावर नव्हता, हात सुपात नुसतेच फिरत होते. मग मागं दूध चाटल्याचा आवाज आला.

तवा सासूबाईंचा राग आलता. आता वाटतं, माझी काळजीच तिला जाच होती. तूबी ये गं लवकर. नोकरी का सोडलीस, मी इचारणार न्हाय.