चोवीस तासांची खाज

साखरपुड्याला आठ दिवस उरले असताना मी मिशीला डाय लावला.

वय अठ्ठावीस, आणि मिशीत सात-आठ केस पांढरे. वरवंडच्या पाहुण्यांनी मला बघितलं तेव्हा दिवस मावळला होता, त्यामुळे ते खपून गेले. साखरपुडा मात्र भर दुपारी होता. दुसऱ्या दिवशी वरचा ओठ सुजला, तिसऱ्या दिवशी गाल, आणि चौथ्या दिवशी डोळे इतके बारीक झाले की आरशात मला मी नीट दिसेना. (ते एक बरंच झालं.)

मी तेव्हा रांजणगावच्या एका कारखान्यात स्टोअरला होतो. कंपनीनं त्याच वर्षी मेडिक्लेमचं कार्ड दिलेलं. आमच्या तळेगाव ढमढेऱ्यात तसलं कार्ड पहिलंच. माझे वडील, आप्पा, ते कार्ड बंडीच्या खिशात घालून आठवडे बाजार फिरून आले होते.

ऑफिसातले साहेब म्हणाले, "यादीतलाच डॉक्टर बघा. आणि जायच्या आधी फोन करून विचारा, कार्ड घेतात का."

यादीत शिरूरला डोळ्यांचे, हाडांचे, बाळंतपणाचे डॉक्टर होते. कातडीचा एकच, तोही दौंडला. त्यांचा फोन कुणी उचलेना, म्हणून एसटीडी बूथवरून कार्डामागच्या नंबरला लावला. पलीकडे हिंदी बोलणारी बाई.

"बीमारी क्या है?"

"मूंछ."

"जी?"

"मूंछ में खुजली," मी आवाज चढवून सांगितलं. माझ्या मागची रांग दोन पावलं मागे सरकली.

बाईंनी शांतपणे सांगितलं, की नुसतं तपासून आलात तर काही मिळणार नाही. चोवीस तास ॲडमिट असाल तरच कार्ड चालेल.

"मंग हो की ॲडमिट," आप्पा म्हणाले. "कारड काय पुजायला दिलंय व्हय?"

तोंडाला उपरणं गुंडाळून मी त्यांच्याबरोबर दौंड गाठलं. दवाखान्यावर पाटी होती, 'त्वचारोग व गुप्तरोग तज्ज्ञ'. पेंटरनं दुसरा शब्द पहिल्यापेक्षा मोठा काढला होता. आप्पांनी तो सावकाश वाचला आणि माझ्याकडे बघितलं.

"दत्ता, दुसरं काय न्हाई ना?"

"मिशीच हाय, आप्पा."

डॉक्टरांनी कार्ड उलटसुलट करून बघितलं. "हे काय आहे?"

"यादीत तुमचं नाव हाय," आप्पा म्हणाले.

"असेल. मला कुणी विचारलेलं नाही. तुम्ही बिल इथं भरा आणि पावत्या कंपनीत द्या." मग त्यांनी माझ्या डोळ्यांची सूज बघितली. "इंजेक्शन देतो. संध्याकाळपर्यंत इथंच पडू दे."

"संध्याकाळपर्यंत न्हाई. चोवीस तास."

"अहो, तो त्याआधीच बरा होईल."

"झाला तर झोपंल. त्येला सवय हाय."

दवाखान्यात एकच कॉट होती. तिच्यावर मी पडलो, तोंडभर पांढरं मलम. आप्पा चहा प्यायला स्टँडवर गेले, आणि तिथं त्यांना वरवंडचा ओळखीचा माणूस भेटला. "पोराला ॲडमिट केलंय, सगळा खर्च कंपनीचा," असं त्यांनी मोठ्या अभिमानानं सांगितलं. काय झालंय, ते सांगायचं राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरवंडहून जीप आली. नऊ माणसं आणि दोन डझन शहाळी. सगळे उतरले आणि पाटीखाली थांबून पाटी वाचू लागले. खिडकीतून मला त्यांचे ओठ हलताना दिसत होते. दुसऱ्या शब्दापाशी सगळ्यांचे ओठ एकदमच थांबले.

होणारे सासरे एकटेच आत आले. त्यांना मी मामा म्हणायचो.

"दत्ताराव, खरं काय ते सांगा. पोरीच्या जन्माचा प्रश्न हाय."

खोटं सुचलं असतं तर बोललोही असतो, पण सुजलेल्या तोंडानं लांबलचक खोटं बोलता येत नाही. "मामा, मिशी पिकलीय. डाय लावला. तो बाधला."

मामांनी डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टरांनी मान हलवली. मग मामांनी उठून दार लोटून घेतलं आणि खुर्ची डॉक्टरांजवळ ओढली. मामांची मिशी पन्नाशीतही कोळशासारखी काळी होती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

"डॉक्टर," ते हळूच म्हणाले, "म्हंजी कानामागं खाजतंय त्ये त्येच्यामुळंच व्हय?"

बाहेर येऊन त्यांनी सगळ्यांना सांगितलं, "जावयाला गांधीलमाशी चावलीय." शहाळी तिथंच फोडली. साखरपुडा ठरल्या दुपारी झाला, माझ्या मिशीशिवाय. कंपनीकडून महिन्याभरानं पावत्या परत आल्या: सौंदर्यप्रसाधनानं झालेला त्रास आजारात धरत नाहीत.

लग्नाला वर्ष झाल्यावर मी बायकोला विचारलं, "त्या दिवशी दवाखान्यात माझं तसलं तोंड बघूनही तू नाही म्हणाली नाहीस. का गं?"

"मी कुठं बघितलं?" ती म्हणाली. "मला जीपमधी जागाच न्हवती."