मूठ माझ्याकडे

चौथीत शाळा सुटलेला मी, माणदेशातलं घर सोडून कर्जतच्या सुतारखान्यात लागलो होतो. चौकटीचा सांधा जमेना. शनिवारपर्यंत जमला नाही तर मालक काढणार होता. शेजारी काम करणारा म्हातारा तुरुंगातून सुटून आलेला, त्याच्याशी कोणी बोलत नसे. तोच मला शिकवू लागला. पटाशी देताना मूठ माझ्याकडे, पातं स्वतःकडे करायचा.

चार दिवस मनात घोळवून मी विचारलंच, "तुरुंगात माणूस सुधारतो का हो?"

तो हसला. "हात सुधारलं रं. मन सुधारलं का नाय, ते बघाया कुनी जवळ बसाया नको?"

शनिवारी माझी चौकट पसंत पडली. दुपारी डबा घेऊन मी त्याच्या शेजारी बसलो, तर तोच सवयीनं दोन हात लांब सरकला. मग मीही त्याच्याकडे सरकलो.