दरबारी काकांचं भस्म

अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या आमच्या मराठी मंडळात एक काका होते. लहान मुलांनाही 'आपण' म्हणायचे. घरी कुणी आलं की दार उघडून, हात जोडून बाजूला उभे राहायचे. नोकरी आयुष्यभर मोटारींच्या रंगांच्या लॅबमध्ये केलेली. पण त्यांचे आजोबा कुठल्याशा संस्थानात दरबारी किमयागार होते, पाऱ्याचं सोनं करायचे आणि ती विद्या काकांकडे उतरली आहे, असं सगळे सांगायचे. त्यांच्या बेसमेंटमध्ये भट्टी आहे म्हणे. कुणाचं तरी वर्षानुवर्षांचं इसब त्यांच्या भस्मानं गेलं होतं. ते 'कुणी' मला कधी भेटलं नाही.

माझा विश्वास नव्हताच. पण नवऱ्याचा कॅन्सर लिव्हरमध्ये पसरला, डॉक्टरांनी केमो थांबवली आणि त्याच आठवड्यात मी काकांच्या दारात जाऊन उभी राहिले.

ते मला खाली घेऊन गेले. तिथे वॉशिंग मशीन होतं आणि फळीवर रंगवलेले पत्र्याचे जुने तुकडे.

"भट्टी कुठंय?" मी विचारलं.

"कधीच नव्हती. आजोबा दरबारात होते, ते खरं. राजेसाहेबांच्या केसांचा कलप बनवायचे. बाकी काही नाही."

"मग लोकांना सांगत का नाही तुम्ही?"

"सांगतो ना. ते म्हणतात, खरा जाणकार असंच म्हणणार."

मी ऐकायला तयार नव्हते. "काका, काहीतरी द्या. नुसती राख द्या."

त्यांनी हात जोडले. "आपल्याला खोटं कसं देऊ?"

मी चप्पल घालून तशीच निघाले. त्यांच्याकडे काही नव्हतं म्हणून नाही, 'आहे' असं ते म्हणाले नाहीत म्हणून मला राग आला होता.

दुसऱ्या दिवसापासून ते दुपारी आमच्याकडे यायला लागले. नवऱ्याची दाढी करून द्यायचे. गालाला हात लावण्याआधी विचारायचे, "परवानगी आहे?" एकदा नवरा त्यावर हसला. मार्चमध्ये तो गेला.

तेराव्याला एक काकू किचनमध्ये माझ्याजवळ आल्या. "काकांच्या भस्मानं दोन महिने तरी जास्त मिळाले गं."

"त्यांनी काही दिलं नव्हतं, काकू. दाढी करायला यायचे ते."

त्यांनी माझा हात दाबला. "सांगायचं नसतं, कळतं मला."

पुढे ग्रोसरीच्या दुकानात एका अनोळखी बाईनं मलाच काकांच्या भस्माची गोष्ट सांगितली. आता त्या गोष्टीत चांदीची डबी होती, पौर्णिमा होती. मी ती शेवटपर्यंत ऐकली आणि पैसे देऊन निघाले.

आता काका वृद्धाश्रमात असतात. बरंचसं विसरलेत. मागच्या रविवारी मी गेले तर ते हात जोडून उठायला लागले. मग जवळ बोलावून हळूच म्हणाले, "आजोबा सोनं करायचे. आपल्याला म्हणून सांगतो." आणि मग, "यजमानांना लागू पडलं ना माझं भस्म?"

"हो काका. बरे आहेत."

त्यांचा चेहरा इतका खुलला की मला तिकडे बघवेना. जेवणाची ट्रॉली येईपर्यंत आम्ही दोघं तसेच बसून राहिलो.