हिऱ्यानंतरचा दगड

ग्राइंडिंग खात्यात फोरमनकी केली की छातीत धूळ साठते आणि डोक्यात किस्से. धुळीवर उतारा म्हणून कारखाना आम्हाला रोज गुळाचा खडा द्यायचा. किश्शांवर उतारा नाही. ऐकणारं कुणी भेटलं की ते आपोआप बाहेर पडतात. आता तुम्ही भेटलात, तर ऐका.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. साताऱ्याच्या एमआयडीसीत आमचा कारखाना. इम्पोर्ट लायसनसाठी दीड वर्ष अर्जांवर अर्ज केले, तेव्हा कुठे परदेशातून एक व्हील आलं, म्हणजे पोलाद घासायचा गोल दगड. क्युबिक बोरॉन नायट्राइडचं. कडकपणात हिऱ्यानंतर दुसरा नंबर! आलं आणि दुसऱ्या दिवशी गायब झालं.

दोन दिवस शोधलं. मॅनेजरसाहेबांचा माझ्यावर ओरडून घसा बसला. शेवटी एका कामगाराचं बोट कापलं म्हणून फर्स्ट एडचं कपाट उघडलं, तर आयोडीनच्या बाटल्यांमागे व्हीलचं खोकं! आमचे स्टोअरकीपर आण्णा, सांगलीकडचे जैन, अगदी सरळमार्गी गृहस्थ. त्यांनी खोक्यावर ‘बोरॉन’ एवढंच वाचलं होतं.

"क्यारमवर टाकत्यात, जखमंला लावत्यात ती बोरीक पावडर न्हवं का ओ ही?" आण्णा म्हणाले. "मला वाटलं, परदेशात वडी करून इकत असतील!"

*

व्हील पहिल्यांदा चढवलं ते सुभेदारांनी. मिलिटरीच्या वर्कशॉपमधून रिटायर होऊन आलेले, आमच्या चार ग्राइंडर कामगारांत सगळ्यात जुने. साध्या दगडावर हायस्पीड स्टीलचं टूल घासलं की तापून निळं पडायचं, जळकट वास सुटायचा. त्या दिवशी ना निळं, ना वास. सुभेदारांनी टूल काढून सरळ गालाला लावलं.

"आवं सायेब, गार हाय की! ताकाच्या लोट्यावानी!"

जेवणाच्या सुट्टीपर्यंत चार मशीनचं काम एका मशीननं उरकलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग पाटणकडचा शिरपा, नुकतंच लग्न झालेला, चौघांत सगळ्यात नवा, त्यानं विचारलं, "मग दुपारनं आमी काय करायचं?"

टाळ्या थांबल्या. संध्याकाळी मॅनेजरनी मला केबिनमध्ये बोलावलं. पुण्याहून मोठे साहेब येणार, त्यांच्यापुढे ट्रायल होणार. पास झाली तर सुभेदार राहतील, बाकी तिघं घरी. तिघांच्या नावांची यादी मी करायची. "आणि हे कुणाला बोलू नका," म्हणाले. मी कुणाला बोललो नाही. दुसऱ्या दिवशीच्या चहाला कँटीनचा आचारी मला म्हणाला, "तिघांची नावं लिवली का सायेब?"

*

कामगारांना व्हीलची माहिती व्हावी म्हणून मॅनेजरनी सांगलीला विश्रामबागेतल्या इंजिनिअरिंग कॉलेजातून एक प्राध्यापक आणले. ते पाऊण तास बोलले. हिरा म्हणजे कार्बन. पोलाद घासताना ताप वाढला की लोखंड तो कार्बन ओढून घेतं आणि हिरा फुकट झिजतो. बोरॉन नायट्राइडचं लोखंडाशी तसं काही होत नाही, म्हणून कडक पोलादाला हेच व्हील. मला मध्ये डुलकी लागली, खोटं कशाला बोलू!

"समजलं का?" त्यांनी विचारलं.

"समजलं की सर," सुभेदार म्हणाले. "लोखंड हिऱ्याला खातं, आन् ह्याला तोंड लावत न्हाई."

"शाब्बास!"

तेवढ्यात मागून शिरपा म्हणाला, "आन् हे कुणाला खातं, त्ये सांगा की सर!"

*

मॅनेजरनी गेटवरच्या वॉचमनला सांगून ठेवलं की व्हील जीपगाडीच्या किमतीचं आहे, लक्ष ठेव. झालं! तो सुटणाऱ्या प्रत्येकाचा जेवणाचा डबा उघडायला लागला. मी वैतागून म्हणालो, "अरे बाबा, ताटाएवढं व्हील. डब्यात मावेल का?"

"मावत न्हाई याची खात्री नको का करायला?" म्हणाला आणि माझाही डबा उघडला.

*

ट्रायलच्या आदल्या दिवशी सुभेदार माझ्या टेबलाशी आले.

"ट्रायल मीच घ्यायची का सायेब?"

"तुम्हीच. तुमच्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा आहे?"

"व्हय. त्येच तर वाईट झालं," म्हणाले आणि गेले. मला फार थकवा आला होता. यादी खिशातच होती.

आता एक सांगायला हवं. साध्या दगडाला रोज सकाळी डायमंड मारतात. म्हणजे टोकाला हिरा बसवलेली काडी फिरत्या दगडाला लावून त्याचा गुळगुळीत झालेला थर काढायचा. या व्हीलला ते अजिबात चालत नव्हतं. वर बोरॉन नायट्राइडची जेमतेम दोन मिलिमीटरची पट्टी, आत सगळं ॲल्युमिनियम. म्हणून सुभेदारांच्या मशीनवरचा डायमंड मी काढून आण्णांकडे कुलपात दिला होता. माझ्या सहीची स्लिप असेल तरच द्यायचा.

दुसऱ्या दिवशी पुण्याचे साहेब आले, हातात घड्याळ घेऊन उभे राहिले. तिघं भिंतीला टेकून. सुभेदारांनी बाह्या सारल्या, मशीनला नमस्कार केला, बटण दाबलं. खिशातून डायमंड काढला आणि व्हीलवर फिरवला. एकदा. दोनदा. चर्रर्र! मी "अहो, अहो!" म्हणेपर्यंत पट्टी ओरबाडून आतलं ॲल्युमिनियम चमकायला लागलं.

"हे काय केलंत!" साहेब ओरडले.

सुभेदार अटेन्शनमध्ये उभे. "सवय, सायेब. मशीन लावलं की हात आपुआप जातो."

एवढ्या वर्षांत या माणसाच्या हातून एक जॉब बिघडलेला मी पाहिला नव्हता.

"पण डायमंड यांच्याकडे आला कसा?" मॅनेजरनी विचारलं.

आण्णांना बोलावलं. ते चष्मा पुसत आले आणि त्यांनी साहेबांपुढे कागद धरला.

"बिगरस्लिपीचं मी काय देत न्हाई ओ. ही बघा. सही आपल्या फोरमनसायबांचीच हाय."