निळे टिपके

सर्बियाला निघालेल्या द्राक्षांचे कागद मी चुकीचे केले आणि दोष नकाशेकाकांच्या नकाशावर ढकलला. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढे त्यांच्याविषयी प्रेमाने जे लिहीन ते मलाच खोटं वाटेल.

काका भूगोलाचे निवृत्त शिक्षक. निफाडजवळच्या आमच्या पॅकहाउसमध्ये, जिथे द्राक्षं पेट्यांत भरली जात, निर्यातीचे कागद तपासायला येत. त्यांच्या टेबलामागे युरोपचा नकाशा होता. युरोपीय संघातले देश निळ्या पेन्सिलीने भरलेले, संघात यायला थांबलेले देश नुसते निळ्या टिपक्यांचे. शीतगृहाची घरघर चालू असायची, दुपारचं ऊन नकाशावरून हळूहळू सरकायचं आणि काका त्याच्याकडे, आपलं गाव लांबून पाहावं तसे, पाहत राहायचे.

क्रोएशिया आत गेला तेव्हा त्यांनी टिपके भरून काढले आणि पेढे वाटले. "सोयरीक जमली म्हणायची," पॅकहाउसचे मालक शेठ हसले. ब्रिटन बाहेर पडला तेव्हा काका खोडरबर घेऊन बसले. निळा रंग पुरता गेला नाही. "वेगळा झालेला भाऊ शेजारी होतो," ते म्हणाले. "त्याच्याशी बांध जास्त जपून आखावा लागतो."

टिपक्यांच्या देशांचं त्यांना फार वाटे. "घर वाढलं की शेजारीही नवे होतात. हे संघवाले त्यांना ओसरीवर बसवतात, बाजार उघडून देतात, पंगतीचं मात्र 'बघू' म्हणतात. वर्षं जातात रे. ओसरीवरच्याचा जीव दाराकडे लागलेला असतो."

एका हंगामात, संघाशी बोलणी चालू आहेत म्हणजे सर्बिया आत आल्यासारखाच, असं धरून मी तिकडे जाणाऱ्या मालाला संघातल्या देशाचे कागद लावले. काकांना दाखवलेही नाहीत. कंटेनर सीमेवर अडकला, द्राक्षं सडली. शेठनी सगळ्यांसमोर विचारलं, "हा देश आत हाय का भाईर? तुला कोणी सांगितलं?"

मी नकाशाकडे बोट दाखवलं.

काका माझ्याकडे बघत राहिले. मग उठले. नकाशा उतरवला, गुंडाळला, सायकलला बांधला आणि गेले. भिंतीवर फिकट चौकोन उरला. दुपारी ऊन त्यावर आलं की मला तिथे अजून निळं दिसायचं.

यंदा शेठना सोबत घेऊन काकांच्या घरी गेलो. नकाशा समोरच होता, सर्बियावर टिपके तसेच. "दारात का थांबलास? ये, बस," काका म्हणाले.

"आधी बोलतो, मग बसतो," मी म्हणालो. "काका, टिपके मला दिसले होते. तुम्हाला विचारलं नाही, आणि शेठसमोर खोटं बोललो. चूक नकाशाची नव्हती, तुमची नव्हती, माझी होती. मला माफ करा."